शब्दात सांगू की चित्रात?

माझ्या भातगिरणीच्या पुढच्या दोन खोल्यांत एक माणूस राहायचा, तो स्वतःच्याच दारावर टकटक करून मग आत जायचा. आत कुणी नसलं तरी. बायको शाळेत शिकवायला गेलेली, कुलूप यानेच काढलेलं, तरी टकटक करायची, जरा थांबायचं, मग पाऊल आत. मी एकदा गिरणीच्या ओट्यावरून ओरडून विचारलं, "अरं, आत कोन हाय?"

तो म्हणाला, "कुणी नाही काका. तीच खात्री केली."

याला काय म्हणणार? मी चौथी शिकलोय. पण रिकाम्या खोलीला कुणी विचारत नाही एवढं चौथीपर्यंत कळलेलं असतं.

त्याला मी इंजिनेर म्हणायचो. तो बेने इस्रायली. आमच्या कोकणातलीच माणसं ती, पिढ्यानपिढ्या इथली, मराठी आमच्यापेक्षा साफ बोलणारी. शनिवारी काम करत नाहीत, बाकी तुमच्या-आमच्यासारखीच. पनवेलात पूर्वी त्यांची घरं बरीच होती. मग एकेक घर इस्रायलला जाऊ लागलं. मी हे सांगतोय ते नव्वद साल उलटून गेल्यानंतरचं, तोपर्यंत मोजकीच उरली होती. याच्या बायकोचं सगळं माहेर, आई, भाऊ, बहीण, तिकडे जाऊन राहिलेलं. इथे तिचं म्हणून कुणी नव्हतं, नवरा सोडला तर.

नवरा-बायकोत एक ठरलेलं होतं. ते त्याने मला सांगितलं, आणि तिनेही वेगळं येऊन सांगितलं, म्हणजे खरंच असणार. न्हावा शेव्याला ट्रकांचं आणि मोठ्या पेट्यांचं काम बघणारं एक ऑफिस होतं. त्या ऑफिससाठी हा कॉम्प्युटरवर काहीतरी बनवत होता. ते त्यांनी घेतलं तर याला तिथे कायमची नोकरी आणि दोघं पनवेलातच राहणार. नाही घेतलं तर पावसाळा संपला की दोघं कायमची तिकडे. ती म्हणाली, "काका, मी शब्द दिलाय. काम झालं तर मी पुन्हा जायचं नाव काढणार नाही."

त्याला राहायचं होतं. का, ते मी विचारलं होतं. तो म्हणाला, "इथे मला चुकायला तरी येतं, काका. तिकडे कसं चुकायचं तेही शिकावं लागेल." मला हे समजलं नाही. पण राहायचं आहे एवढं समजलं, आणि ते मला बरं वाटलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण वाटलं.

त्याची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. कुणालाही काही सांगायचं झालं की तो आधी विचारायचा, "शब्दात सांगू की चित्रात?" खोली बघायला आला त्या दिवशी मलाही त्याने हेच विचारलं. मी म्हटलं, "मना कशात पन सांग, पन भाडा किती देशील ते सांग." तर गिरणीच्या टेबलावर कोंडा पसरलेला असतो, त्या कोंड्यात त्याने बोटाने खोली काढली, खोलीत टेबल काढलं, टेबलावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, "इथे मशीन बसेल. धूळ चालणार नाही." धूळ चालणार नाही म्हणतो आणि धुळीतच चित्र काढतो! भातगिरणीत खोली बघायला आलास आणि कोंडा नको? तरी मी खोली दिली. का दिली ते मला आजही सांगता येणार नाही.

मासळीवालीला तो विचारायचा. आमच्याकडे उरणहून एक कोळीण यायची, तोंडाने तिखट. हा टोपलीजवळ उकिडवा बसून विचारी, "याला खवले आहेत का?" त्यांच्यात खवले नसलेली मासळी खात नाहीत. कोळंबी नाही, चिंबोरी नाही.

ती म्हणायची, "सगला पनवेल कोलंबी खातंय, न तुलाच रं खवले पायजेत?"

"मावशी, कसले खवले हवेत ते शब्दात सांगू की चित्रात?"

"चितार काढ! न त्या चिताराचाच कालवन कर बायकोला!"

तो खरंच पायरीवर खडूने मासा काढून दाखवायचा, खवल्यांसकट. कोळीण कमरेवर हात ठेवून बघायची. एकदा म्हणाली, "शेपटी चुकली." त्याने पुसून पुन्हा काढली. त्या दिवशी तिने त्याला भरपूर खवल्यांचा पाला मासा दिला तो निवडून, टोपलीच्या तळातून. पण बोलणं काही सोडलं नाही.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण माझा थोरला भाऊ नेरे गावी वारला, तेव्हाची गोष्ट. दहन आटोपून मी गिरणीत येऊन बसलो होतो. येणारा प्रत्येक जण काही ना काही बोलत होता. वय झालं होतं, सुटले, देवाची इच्छा. माझं डोकं दुखायला लागलं. हा आला, माझ्यापुढे उभा राहिला आणि हळूच विचारलं, "काका, बोलू की नुसता बसू?"

मी म्हटलं, "बस."

तो पोत्यावर बसला. दिवे लागेपर्यंत बसला. मग उठून गेला. भावाच्या वेळी कोण काय बोललं त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. हा बसला होता तेवढं आठवतं.

आता त्याचं काम. ते सांगताना माझा गोंधळ होणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. मला ते जसं सांगितलं गेलं तसं मी सांगतो. चूक असेल तर त्याची.

एक दुपार होती, गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "तू दिवसभर करतोस काय रं?" कोंडा समोर होताच. तो खूश झाला.

"काका, हे ऑफिसातलं मोठं मशीन. एकच. त्याला तारा लावून बरेच पडदे जोडलेत. जुने पडदे आहेत त्यांच्यावर नुसती हिरवी अक्षरं येतात. रेघ नाही, रंग नाही, चित्र नाही. काही नवे आहेत. त्यांच्यावर चित्रं येतात, चौकोनी खिडक्या उघडतात."

"बरा."

"मी एक पाटी बनवलीय. लिहायची. ऑफिसातली माणसं तिच्यावर पत्रं लिहिणार, चुकलं तर पुसणार. ही पाटी राहते मोठ्या मशीनच्या पोटात. कुणी हाक मारली की तिने त्याच्यापुढे यायचं. अक्षरांच्या पडद्यावर नुसती अक्षरं होऊन यायचं, चित्रांच्या पडद्यावर खिडकी होऊन यायचं. पण हाक मारणारा कुठल्या पडद्यापुढे बसलाय, हे तिला दिसत नाही."

"डोले नाय तिला?"

"नाहीत."

"मंग विचारायचा त्याला."

तो उठूनच उभा राहिला. "तेच नाही करायचं! माणूस कामाला बसला आणि पाटीने पहिला सवाल टाकला, तुझ्यापुढे काय आहे? तो म्हणेल, मी तुझ्यापुढे बसलोय आणि तुलाच ठाऊक नाही? नाही काका. तिने आपण होऊन ओळखायला हवं. न विचारता."

मी म्हटलं, "तू तर सगल्या गावाला विचारत फिरतोस."

त्याने बोटाने कोंडा सारखा केला. मग म्हणाला, "म्हणून तर."

म्हणून तर काय? बोटाला लागलेला कोंडा पुसत खोलीत गेला. टकटक करून.

मी मात्र विचार केला. माझ्या गिरणीत येणारं भात दोन तऱ्हेचं. उकडा आणि सुरय. उकडा म्हणजे आधी उकडून वाळवलेलं, तो दाणा चिवट. सुरय कच्चं, ते लगेच मोडतं. उकड्याला लावलेला दाब सुरयला लावला की कण्याच कण्या. गिरणीला काय कळतंय कुठलं भात आहे? ते मी दाणा दाताखाली धरून सांगतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितलं. म्हटलं, तुझ्या पाटीला एक दाणा चावायला दे. त्याने टाळी वाजवली. "अगदी तसंच काका! अगदी तसंच!" मग थोड्या वेळाने परत आला, म्हणाला, "पण तसं नाही." बघा. अगदी तसंच आणि तसं नाही. असल्या माणसाशी बोलायचं कसं?

मग दात नाहीत तर ओळखणार कशी? तर म्हणे, मशीनमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाची एक अदृश्य चिठ्ठी असते. ज्याच्यापुढे चित्रांचा पडदा, त्याच्या चिठ्ठीवर त्या पडद्याचा पत्ता लिहिलेला. ज्याच्यापुढे नुसता अक्षरांचा, त्याची चिठ्ठी कोरी. पाटीने चिठ्ठी बघायची. पत्ता असला तर त्या पत्त्यावर खिडकी उघडायची. कोरी असली तर निमूट अक्षरं. "आणि शंका आली तर शब्द," तो म्हणाला. "शब्द कुठेही चालतात. चित्र सगळीकडे चालत नाही." हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की माझी बायको, आमची म्हातारी, भाकरी थापताना म्हणायला लागली.

ऑफिसला काम दाखवायचा दिवस आला. माझी जीप होती, मी म्हटलं मी नेतो. न्हावा शेव्याचा रस्ता म्हणजे ट्रकांची नुसती रांग, त्यात हा बाजूला बसून डोळे मिटून ओठ हलवतोय. मला वाटलं प्रार्थना म्हणतोय. विचारलं तर म्हणाला, "नाही, चिठ्ठी बघतोय. पुन्हा एकदा."

त्या ऑफिसच्या यार्डात माझ्या मेव्हण्याची जमीन गेलेली. गेटवरची पोरं आमच्याच गावांतली. त्यामुळे मला कुणी अडवत नाही. साहेबाने मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. साहेब पुण्याकडचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं इंग्रजी. इंजिनेर बाहेरच्या मोठ्या खोलीत एका टायपिस्ट बाईच्या मागे उभा. तिच्यापुढे हिरव्या अक्षरांचा जुना पडदा. साहेबाच्या टेबलावर मात्र नवा, रंगीत, चित्रांचा.

साहेब म्हणाला, "काका, तुमच्या माणसाने ओल्ड टर्मिनल्सवर चालवून दाखवलं की डन. सगळे पडदे बदलायला आमच्याकडे बजेट नाही. दोन्हीकडे चालणारं हवं."

मी म्हटलं, "चालंल."

मी चहा बशीत ओतला आणि बघतो तर साहेबाच्या पडद्यावर एक चौकोन उघडला. आपोआप. पांढरा, नीटनेटका, वर पट्टी. मला आनंद झाला. मला काय ठाऊक कुठे उघडायला हवा होता! तेवढ्यात त्याच्यावर दुसरा उघडला. मग तिसरा. पत्ते पिसून टाकावेत तसे एकावर एक चौकोन पडू लागले.

मी म्हटलं, "वा! चाललं की!"

साहेब फोनवर होता. त्याने मान वळवली. "काय चाललं?"

बाहेरून बाईचा आवाज, "अहो, इथे काहीच येत नाहीये! मी परत दाबू?"

इंजिनेर म्हणतोय, "दाबा. परत दाबा."

आणि आत अजून दोन चौकोन.

साहेबाने फोन ठेवला. "माझ्या मशीनवर कोण बसलंय? हू इज डुइंग धिस?" तो उठून बाहेर ओरडत गेला, बाई घाबरून आणखी दाबत राहिली, पडदा चौकोनांनी भरून गेला. साहेबाचं सकाळपासूनचं काम त्याखाली कुठेतरी. मी बशी हातात धरून बसलेलो. आनंदाची गोष्ट आहे की वाईट, तेच मला उमगेना.

इंजिनेर धावत केबिनमध्ये आला. पडद्याकडे बघितलं. आणि हसायला लागला. मांडीवर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पुढे दोन दिवसांनी त्याने मला सांगितलं ते असं. त्या ऑफिसात रीत होती, कुठलाही कागद आधी साहेबाच्या टेबलावर जाणार, मग बाकीच्यांकडे. मशीन लावून देणाऱ्या माणसाच्याही अंगात तीच रीत. त्याने साहेबाच्या पडद्याचा पत्ता एका सामायिक जागी लिहून ठेवला आणि तो सगळ्यांच्याच चिठ्ठ्यांवर उतरला. बाईच्या चिठ्ठीवरही. पाटीने चिठ्ठी वाचली, प्रामाणिकपणे साहेबाच्या पडद्यावर गेली आणि तिथे खिडकी उघडून बाईची वाट बघत बसली. बाई इकडे हाका मारतेय, पाटी तिकडे उभी.

पण हे नंतरचं. तेव्हा केबिनमध्ये साहेब लालबुंद आणि हा हसतोय. साहेब म्हणाला, "हसताय काय? काय झालंय सांगा मला!"

आणि हा डोळे पुसत, अगदी मनापासून, विचारतो, "साहेब, शब्दात सांगू की चित्रात?"

साहेबाला वाटलं याने थट्टा केली. "बाहेर व्हा," तो म्हणाला. "यू आर डन. बाहेर."

इंजिनेरचं हसणं थांबलं. बघता बघता त्याचा चेहरा पडला. काम गेलं, म्हणजे नोकरी गेली, म्हणजे पनवेल गेलं. तो बाहेर निघाला.

मी उठलो नाही.

साहेब म्हणाला, "काका, तुम्हीपण."

मी म्हटलं, "मी बसतंय."

"म्हणजे?"

"म्हंजे बसतंय. ही जमीन कोनाची होती ते गेटवर जाऊन इचार. माझ्या गिरनीत पयल्या दिवशी पट्टा तुटून माझ्या पाठीवर बसला व्हता. मी गिरनी बंद नाय केली. त्याला पाटी परत आनू दे. तू हो बोल, मी उठतंय."

साहेबाने घड्याळ बघितलं, काचेतून गेटकडे बघितलं. गेटवरची पोरं इकडेच बघत होती. आमच्या पोरांनी मनात आणलं तर गेट बंद होतं, हे तिथे बसणाऱ्या प्रत्येक साहेबाला ठाऊक. शेवटी म्हणाला, "ओके. पुढच्या सोमवारी. शेवटचं."

मी उरलेला चहा पिऊनच उठलो.

मला वाटलं इंजिनेर पाया पडेल. तो गव्हाण फाट्यापर्यंत बाहेरचे ट्रक बघत बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही मला विचारलं नाहीत."

"काय विचारायचा? काम वाचवला तुझा!"

"त्याने भीतीने हो म्हटलं. पाटी चांगली आहे म्हणून नाही."

"मंग चांगली कर ना!"

तो माझ्यावर चिडला होता, आणि मी त्याच्यावर. माणसाचं भलं करायला जावं तर तो हिशेब मांडतो की भलं कुठल्या दाराने आलं. पनवेल येईपर्यंत मी ट्रकांवर हॉर्न मारत राहिलो. उतरताना मात्र म्हणाला, "थँक्यू काका." आणि मग, "तरी विचारायला हवं होतं." मी गियर टाकला.

तो आठवडा त्याने जेवणसुद्धा टेबलावरच घेतलं. बायको ताट ठेवून जायची, रिकामं उचलून न्यायची. तिच्या बाजूने ती बांधाबांध करत होती. पत्र्याची एक पेटी अर्धी भरलेली, भिंतीशी. तिला त्यात गैर काही वाटत नव्हतं. तिचं म्हणणं, सोमवारी काहीही होऊ शकतं, तयारी हवी. माझी म्हातारी तिला कोकम आणि लोणचं बांधून द्यायला लागली तेव्हा मी ओरडलो, "अजून ठरला नाय काय!" म्हातारी म्हणाली, "लोनचा इथे ऱ्हायली तरी खाईल." बायकांना उत्तर नसतं.

शुक्रवारी सूर्य मावळला, म्हणजे त्यांचा शनिवार लागला, तसं त्याने मशीन बंद केलं. शनिवार संपेपर्यंत हात लावला नाही. मी म्हटलं, "अरं, सोमवारी दाखवायचाय!" तर म्हणाला, "म्हणूनच तर थांबायला हवं." पण रविवारी पहाटे येऊन मला हलवलं. "काका, कळलं. चिठ्ठी वाचायची, पण तिच्यावर विसंबायचं नाही. आधी दार बघायचं. माणूस कुठल्या तारेवरून आत आलाय ते. तार अक्षरांच्या पडद्याची असेल, तर चिठ्ठी काहीही म्हणो, शब्दच."

मी म्हटलं, "मंग हे आधी का नाय केला?"

"मला वाटलं, कुणी चिठ्ठीवर खोटं लिहीत नसेल."

"खोटा कुठे? रीतीने लिवला त्यानी."

तो म्हणाला, "तेच." याचं 'तेच' ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

सोमवारी मी केबिनमध्ये गेलो नाही. मुद्दाम. बाहेर बाईच्या बाजूला उभा राहिलो. बाईने बटण दाबलं आणि हिरवी अक्षरं सरसर उगवली, काळ्या पडद्यावर, शेतात रोपं लावत जावं तशी ओळीने. ती लिहू लागली. पुसलं, पुन्हा लिहिलं. आत साहेबाने त्याच्याकडे दाबलं तर तिकडे खिडकी उघडली, फक्त त्याची. दोघं एकाच वेळी, एकाच पाटीवर, आपापल्या पडद्याला शोभेल तसे. साहेब दोनदा बाहेर येऊन बाईचा पडदा बघून गेला. मग इंजिनेरच्या पाठीवर थाप मारली. "एक तारखेपासून या."

येताना मी बाजारात थांबून पेढे घेतले. दारात त्याने टकटक करायच्या आधीच मी ढकलून आत गेलो आणि सांगून टाकलं, "बाय, झाला काम! ऱ्हायलात तुमी!"

ती पेटीपाशी होती. उठली. हसली. तिने देवाला हात जोडावेत तसं काहीतरी केलं, त्यांच्या पद्धतीने, ओठांना बोटं लावून. म्हणाली, "मग आता हे सगळं परत लावायला हवं." आणि लगेच पेटीतून भांडी काढायला लागली. पितळी डबा, परात, ताटं. एकेक पुसून फळीवर लावू लागली, लावलेलं काढून पुन्हा पुसू लागली. मला म्हणाली, "काका, बसा, चहा ठेवते. इतका आनंदाचा दिवस." हसतच होती. पेढा खाल्ला, त्याला भरवला. मला म्हातारीला दोन न्यायला सांगितले.

तो दाराजवळ उभा होता. पेढा तोंडात तसाच. तिच्याकडे बघत होता, ताटं लावणाऱ्या हातांकडे. मी म्हटलं, "अरं, बस की!" तो बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी सुरू करायला आलो तर हा ओट्यावर बसलेला. म्हणाला, "काका, आम्ही जातोय."

"न्हावा शेव्याला? आज कशाला? एक तारखेला जायचाय ना?"

"तिकडे. कायमचे."

मी पट्ट्यावरचा हात काढून घेतला. "काम घेतला ना तुझा?"

"घेतलं."

"बाय काय बोलली?"

"काही नाही. ती राहायला तयार आहे. ती शब्दाची पक्की आहे, आयुष्यभर राहील."

"मंग?"

"काल तुम्ही तिथे होतात ना काका? तुम्हाला काय दिसलं?"

"हसत व्हती."

"हो," तो म्हणाला. "हसत होती."

मी चिडलो. शब्दात सांग म्हटलं. चित्रात सांग म्हटलं, टेबलावरचा कोंडा त्याच्यापुढे सरकवला. त्याने बोटसुद्धा टेकवलं नाही. इतकी वर्षं जगाला विचारत फिरलेला माणूस, आणि मी विचारलं तर गप्प! मी त्याला ऐकवलं, माझ्या मेव्हण्याच्या जमिनीचं नाव घेऊन मी तिथे बसलो ते काय यासाठी? तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही बसलात म्हणून काल काम झाल्याचं तिच्या कानावर पडलं. नाहीतर मला हे कधीच दिसलं नसतं." आणि आत गेला.

त्या संध्याकाळी ती आली. पदर बोटाला गुंडाळत ओट्याजवळ उभी राहिली. "काका, मी त्यांना जाऊ या असं एका शब्दाने म्हटलं नव्हतं हो."

"मंग त्याला कलला कसा?"

"तेच मला कळत नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "मी ताटंसुद्धा लावली होती ना?"

मी म्हटलं, "लावली व्हतीस. मी बघितली."

पुढे ती दोघं गेली. विमानतळावर मी सोडलं, माझ्याच जीपने. जाताना मी आणि तो नुसते बसलो, एवढा लांबचा रस्ता. त्याची पाटी त्या ऑफिसात चालू होती म्हणे. मी बघायला गेलो नाही. मला कळणार काय त्यात?

पण ती हसत होती, ही गोष्ट काही माझ्या डोक्यातून जात नाही. मी समोर होतो. उजेड होता. माझे डोळे तेव्हा चांगले होते. त्याला काय दिसलं ते मला का दिसलं नाही? मी भाताचा दाणा चावून सांगणारा माणूस.

आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली की विचारू नका. सकाळी म्हातारी चहा आणून देते आणि कधीकधी हसते. मी कप खाली ठेवतो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो. ती म्हणते, "काय झाला?" मी म्हणतो, "काय नाय." चहा निवतो. ती जाते. मी आपला बसलेला.